सणाचं मसाला चॉकलेट

आंतोनिओ कोल्मेनेरो दे लेदेस्मा या स्पॅनिश वैद्याचं चॉकलेटवरचं एक छोटं पुस्तक १६३१ साली माद्रिदमध्ये छापलं गेलं. त्यात चॉकलेटची एक सविस्तर कृती आहे. कोकोच्या शंभर बिया, दोन मिरच्या, दालचिनी, व्हॅनिलाची शेंग, विलायती बडीशेप, बदाम, हेझलनट आणि साखर असं तिचं साहित्य. मिरचीचं चॉकलेट आज दुकानात दिसलं की ते नव्या पिढीचं खूळ वाटतं. प्रत्यक्षात चॉकलेटमध्ये मिरची साखरेच्याही आधीपासून आहे.

कोको मुळात अमेरिका खंडातला. आजच्या मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या बिया भाजत, दगडी पाट्यावर वाटत आणि पाण्यात कालवून पीत. हे पेय बहुधा थंडच असे. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून त्यावर फेस आणत. त्यात मिरची, व्हॅनिला, रंगासाठी शेंद्री आणि काही सुवासिक फुलं घालत. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तिथल्या लोकजीवनाच्या नोंदी केल्या, त्यात या पेयांची वर्णनं सापडतात. पुढे स्पॅनिशांनी त्यात साखर घातली आणि श्रीलंकेहून युरोपात येणारी दालचिनी घातली. त्याच काळात मिरचीने उलटा प्रवास केला. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि पाहता पाहता साऱ्या देशाच्या स्वयंपाकघरात शिरली. कोको मात्र तेव्हा आपल्याकडे रुजला नाही. त्याच्या व्यापारी लागवडीने १९६०च्या दशकात केरळात जोर धरला. आज आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोकोची झाडं वाढतात.

चॉकलेटची घट्ट वडी ही त्या मानाने अलीकडची. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्राने कोकोतली चरबी, म्हणजे कोको बटर, वेगळी काढता येऊ लागली. १८४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात फ्राय कंपनीने कोकोची पूड, साखर आणि वितळलेलं कोको बटर एकत्र करून ते साच्यात ओतलं. खायचं चॉकलेट तिथून सुरू झालं. पुढे कारखान्यांत दूध आणि साखर वाढत गेली, आणि जुन्या मसाल्यांपैकी बहुतेक ठिकाणी व्हॅनिला तेवढी उरली.

घरी मसाला चॉकलेट करायचं तर या इतिहासातली एक वस्तू नीट ओळखली पाहिजे, ती म्हणजे कोको बटर. त्याचे तीन स्वभाव आहेत. थोड्याशा पाण्याने ते बिथरतं, सुगंध ते मनापासून सामावून घेतं आणि गोठताना ते सहा वेगवेगळी रूपं घेऊ शकतं. पुढची सगळी कृती या तीन स्वभावांतून निघते.

खरेदी करताना

चॉकलेटची वेष्टणं वरून सारखीच दिसतात, म्हणून मागची बाजू वाचावी. घटकांत कोको मास आणि कोको बटर असेल, तर ते खरं चॉकलेट. कोको पूड आणि हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी असेल, तर ते कंपाउंड. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुठल्याही बेकरीसामानाच्या दुकानात दोन्ही मिळतात. कंपाउंड स्वस्त असतं, वितळवून साच्यात ओतलं की विनासायास घट्ट होतं आणि उन्हाळ्यातही टिकाव धरतं. लहान मुलांच्या वाढदिवसाला ते चालून जातं. पण त्यातली चरबी तोंडात झटकन वितळत नाही. जिभेवर मेणचट थर राहतो आणि मसाल्याचा वास त्या थरात अडकतो. सणाला चार घरी द्यायचं चॉकलेट करायचं तर खरं चॉकलेटच घ्यावं.

वेष्टणावरच्या ७० टक्के या आकड्याचा अर्थ असा, की वजनाच्या ७० टक्के भाग कोकोपासून आला आहे आणि उरलेला बहुतेक साखरेचा आहे. मसाल्यासाठी ५५ ते ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट उत्तम. त्याच्या कडवटपणात दालचिनी, सुंठ आणि मिरची शोभतात. वेलची आणि जायफळ या नाजूक वासांना मिल्क किंवा व्हाइट चॉकलेट जास्त मानवतं. पुरणपोळी आणि श्रीखंडामुळे ही जोडी आपल्या जिभेच्या ओळखीची आहेच.

पहिला स्वभाव : पाण्याशी वैर

वितळलेलं चॉकलेट म्हणजे पातळ चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाण्याचे दोन थेंब पडले, तर साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि क्षणापूर्वी धार धरणारं चॉकलेट घट्ट, रवाळ गोळा होऊन बसतं. म्हणून भांडं, चमचा, सुरी, साचे सगळं कोरडं ठणठणीत हवं. पातेल्यातल्या पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवताना खालचं पाणी उकळू देऊ नये. नुसतं गरम पाणी पुरतं, आणि भांड्याचा तळ त्या पाण्याला टेकता कामा नये. शेजारच्या शेगडीवर कुकर लावू नये, कारण शिटीची वाफही पुरेशी असते. भांडं खाली उतरवलं की त्याचा तळ आधी फडक्याने पुसावा. साच्यात ओतताना चॉकलेट बिघडतं ते पुष्कळदा या तळाशी लोंबणाऱ्या थेंबामुळे.

याच कारणाने गूळ, मध, गुलकंद किंवा पाण्यात केलेले इसेन्स वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेट घालू नयेत. गुलकंद आवडत असेल, तर तो वडीच्या आत सारण म्हणून भरावा.

पाणी भरपूर असेल, तर मात्र गोष्ट वेगळी होते. १०० ग्रॅम चॉकलेटला निदान ३० मिलिलिटर पाणी किंवा दूध मिळालं, तर साखर त्यात विरघळून जाते आणि मऊ, एकजीव मिश्रण तयार होतं. डार्क चॉकलेटला याहून थोडं जास्त लागतं. थोडं पाणी बिघडवतं आणि पुरेसं पाणी सावरतं, हे लक्षात ठेवलं की आवळलेलं चॉकलेट फेकावं लागत नाही. त्यात गरम दूध ढवळत घालायचं आणि त्याचं पेय किंवा सॉस करायचा.

दुसरा स्वभाव : सुगंधाशी मैत्री

दालचिनीला तिचा वास देणारं सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल, वेलचीतली सुगंधी तेलं, मिरचीतलं कॅप्सेसिन ही सगळी द्रव्यं पाण्यापेक्षा चरबीत कितीतरी सहज विरघळतात. फोडणी तेलात करतात त्यामागेही हेच आहे. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळतं. वडी तोंडात टाकली की चरबी विरघळते आणि तिने धरून ठेवलेला सुगंध मोकळा होतो.

मिरचीची गंमत वेगळी आहे. ती चव देत नाही, उष्णतेची जाणीव देते. आपल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाची प्रथिनं असतात. साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेने ती उघडतात आणि कॅप्सेसिननेही उघडतात, म्हणून मिरची लागली की भाजल्यासारखं होतं. या प्रथिनाचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली लावला आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चॉकलेटच्या चरबीत कॅप्सेसिन विरघळलेलं असल्याने ते सावकाश बाहेर येतं. आधी गोडी, मग कोकोचा कडवटपणा आणि घास गिळल्यावर घशाशी ऊब, असा क्रम लागतो. मिरची योग्य प्रमाणात पडली आहे का, हे या क्रमावरून कळतं. ऊब गोडीच्या आधी लागली, तर मिरची जास्त झाली.

मसाल्याची निवड थोडक्यात सांगतो. बाजारात जाड, कडक सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते. तिचा वास उग्र असतो. खऱ्या दालचिनीच्या कांड्या पातळ, अनेक पदरी आणि हाताने चुरडणाऱ्या असतात. तिचा वास गोडसर असतो. आपल्या कोकणातही ती पिकते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ या जाती दिल्या आहेत. नारळी-पोफळीच्या वाडीतलं ताजं जायफळ मिळालं, तर ते जरूर वापरावं. जायफळ चिमूटभरच घालावं, कारण मोठ्या प्रमाणात ते अपाय करतं. लवंग जीभ बधिर करते, म्हणून ३०० ग्रॅम चॉकलेटला दोन लवंगा पुष्कळ झाल्या. आलं ताजं चालणार नाही, सुंठच हवी. आलं सुकताना त्यातल्या जिंजेरॉलचं अंशतः शोगाओल होतं आणि ते अधिक झणझणीत असतं, त्यामुळे सुंठ थोडी पुरते. रंगासाठी आणि सौम्य तिखटपणासाठी ब्याडगी मिरची चांगली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चांगल्या चॉकलेटमधले कण साधारण २० मायक्रॉनपर्यंत दळलेले असतात. ३० मायक्रॉनच्या पुढचे कण जिभेला रवाळ लागू लागतात. मिक्सरमधून काढलेली दालचिनीची पूड याच्या कितीतरी पट जाडी असते आणि चॉकलेटमध्ये ती वाळूसारखी कचकचते. म्हणून मसाला मंद आचेवर कोरडा शेकावा, पूर्ण निवल्यावर दळावा आणि वस्त्रगाळ करावा. मलमलीच्या फडक्यातून जी पूड खाली पडेल तेवढीच चॉकलेटसाठी. वरचा चाळ चहाच्या मसाल्यात जाऊ द्यावा.

तिसरा स्वभाव : गोठण्याची सहा रूपं

एकदा वितळलेलं चॉकलेट नुसतं थंड होऊ दिलं, तर ते मऊ, निस्तेज आणि बोटांना चिकटणारं होतं. चॉकलेट तेच असतं, कोको बटरचे स्फटिक मात्र चुकीचे जमलेले असतात. कोको बटर सहा प्रकारे गोठू शकतं. पहिलं रूप १७ अंशांच्या आसपासच वितळतं, चौथं २७ च्या पुढे, पाचवं ३४ च्या जवळ आणि सहावं ३६ अंशांना. आपल्याला हवं ते पाचवं. त्याने वडीला चकाकी येते, तुकडा मोडताना कट् असा स्वच्छ आवाज होतो आणि वडी आकसून साच्यातून आपोआप सुटते. सहावं रूप साठवणीत हळूहळू तयार होतं, आणि जुन्या चॉकलेटवर पांढरट पापुद्रा दिसतो त्यात त्याचा हात असतो.

इतर रूपं टाळून पाचवं रूप जमवणं याला टेम्परिंग म्हणतात. घरच्यासाठी सोपी पद्धत बीज घालण्याची. दुकानातून आणलेल्या चांगल्या चॉकलेटमध्ये पाचव्या रूपाचे स्फटिक आधीच असतात. दोन भाग चॉकलेट वितळवायचं आणि तिसरा भाग चिरून त्यात घालायचा. त्याचे स्फटिक बाकीच्या चरबीला वळण लावतात. डार्क चॉकलेट ३१ ते ३२ अंशांवर वापरावं, मिल्क २९ ते ३० वर, व्हाइट २८ ते २९ वर. दुधातली चरबी कोको बटरला मऊ करते, म्हणून दुधाच्या चॉकलेटचे आकडे खाली असतात. याच कारणाने चॉकलेट पातळ व्हावं म्हणून त्यात तूप किंवा लोणी सोडू नये. वडी कायमची मऊ राहते.

सिसिली बेटावरच्या मोदिका गावात मात्र वेगळी परंपरा आहे. तिथे कोको साधारण ४०-४५ अंशांवर साखरेबरोबर कालवतात. साखर विरघळत नाही, वडी रवाळ राहते आणि वर पांढरट छटा आली तरी तो दोष मानत नाहीत. दालचिनी, व्हॅनिला, मिरची हे तिथले जुने स्वाद. स्पॅनिश सत्तेच्या काळात ही रीत तिथे आली असं मानतात. २०१८ साली या चॉकलेटला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं.

कृती : बदाम-मिरचीची पातळ वडी

साहित्य : ५५ ते ७० टक्के डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम, भाजलेले बदाम १०० ग्रॅम, दालचिनीची वस्त्रगाळ पूड एक लहान चमचा, सुंठपूड पाव चमचा, ब्याडगी मिरचीची पूड पाव चमचा, जायफळ चिमूटभर, वरून भुरभुरायला जाडं मीठ.

बदाम मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार करावेत आणि जाडसर चिरावेत. गरम बदाम टेम्परिंग मोडतात, ओलसर बदाम चॉकलेट आवळतात. चॉकलेट सुरीने बारीक चिरावं आणि १०० ग्रॅम बाजूला ठेवावं. उरलेलं २०० ग्रॅम गरम पाण्यावर ठेवून ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवावं. ५० च्या पुढे जाऊ नये. मायक्रोवेव्ह वापरायचा तर निम्म्या शक्तीवर, अर्धा-अर्धा मिनिट, दर वेळी ढवळत.

भांडं खाली उतरवून तळ पुसावा आणि मसाला लगेच घालावा. चॉकलेट गरम असताना मसाल्यातली तेलं चरबीत उतरतात. मग बाजूला ठेवलेलं चॉकलेट मूठ-मूठ घालत सतत, पण फेस न आणता ढवळावं. तापमान उतरत जाईल. ३२ वर आलं की थांबावं. न वितळलेले तुकडे राहिले असतील तर काढून घ्यावेत. आता परीक्षा. सुरीच्या टोकावर थोडं चॉकलेट घेऊन गार जागी ठेवावं. पाच-सात मिनिटांत ते चकाकी धरून घट्ट झालं, तर जमलं. पट्टे उमटले किंवा ओलंच राहिलं, तर आणखी थोडं चिरलेलं चॉकलेट घालून ढवळावं. काम करता करता ते घट्ट होऊ लागलं, तर भांडं क्षणभरच गरम पाण्यावर धरावं. ३४ च्या वर गेलं, तर जमलेले स्फटिक वितळले असं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

बटर पेपरवर साधारण २५ बाय ३० सेंटिमीटरचा थर चिक्कीसारखा पातळ पसरावा. वर बदाम दाबावेत आणि मीठ भुरभुरावं. २० अंशांच्या खोलीत पाऊण तासात वडी पक्की होते. घर गरम असेल, तर दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी आणि बाहेर काढून हाताने तुकडे मोडावेत.

या कामाला ऋतूचीही साथ लागते. चॉकलेटला १८ ते २२ अंशांची कोरडी हवा आवडते. दिवाळी ऑक्टोबर हीटमध्ये आली, तर पहाटे किंवा एसी लावून काम करावं. नाताळात पुण्या-नाशकाच्या गार सकाळी चॉकलेट फारसा त्रास देत नाही. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत डिसेंबरातही पंखा आणि कोरडं फडकं हाताशी ठेवावं.

दुसरी कृती : वेलची-जायफळाचे ट्रफल

थर्मामीटर नसेल, तर ट्रफलपासून सुरुवात करावी. इथे टेम्परिंग लागत नाही, कारण इथे आपण मुद्दाम पुरेसा ओलावा घालतो. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरावं. १०० ग्रॅम फ्रेश क्रीममध्ये ठेचलेल्या चार वेलच्या घालून ते कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावं. झाकून दहा मिनिटं मुरू द्यावं, गाळून पुन्हा गरम करावं आणि चॉकलेटवर ओतावं. दोन मिनिटं हात लावू नये. नंतर मधोमध छोट्या वर्तुळात ढवळायला सुरुवात करून बाहेर येत जावं. मिश्रण चकचकीत झालं की चिमूटभर जायफळ किसून घालावं. फ्रिजमध्ये दोन तास घट्ट होऊ द्यावं, लहान गोळे वळावेत आणि कोको पुडीत घोळावेत. क्रीममुळे हे जास्त टिकत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावेत.

साठवण आणि वाटप

कोरड्या मसाल्याची वडी हवाबंद डब्यात, घरातल्या सगळ्यात गार कपाटात महिनाभर उत्तम राहते. चॉकलेट दुसऱ्यांचे वास पटकन ओढून घेतं, म्हणून लसूण, कांदा आणि मसाल्याच्या डब्यांपासून ते दूर ठेवावं. फ्रिजमध्ये ठेवणं भाग पडलं, तर डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. तो खोलीच्या तापमानाला आला, की दव डब्यावरच राहतं, चॉकलेटवर धरत नाही. दव धरलं तर साखर विरघळून वर येते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर बसतो. गरम-थंड होत राहिलेल्या चॉकलेटवर येणारा थर चरबीचा असतो आणि बोटाने घासला तर पुसला जातो. या दोन्ही थरांना बुरशी समजून चॉकलेट टाकून देऊ नये. चरबीचा थर आलेलं चॉकलेट पुन्हा वितळवून टेम्पर केलं की पूर्ववत होतं. साखरेचा थर आलेलं पेयात वापरावं.

गोव्यात नाताळाला शेजारीपाजारी कुसवाराची ताटली जाते. तिच्यात नेवऱ्यो, कुलकुल, दोदोल आणि बिबिंक असतात. दिवाळीच्या फराळाच्या ताटाचीही रीत तीच. घरच्या चॉकलेटची पुडी या दोन्ही ताटांत शोभते. पुडीवर घटक आणि तारीख लिहावी, विशेषतः बदाम, काजू, शेंगदाणे असतील तर. ज्या घरात कुत्रा आहे तिथे आवर्जून सांगावं, की चॉकलेट त्याच्या तोंडी लागू देऊ नका. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं.

शेवटी एक सल्ला. साचे, रंगीत कागद आणि खोकी घेण्याआधी स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो काही शे रुपयांत मिळतो आणि पुढची अनेक वर्षं कामाला येतो. मसाला आपल्या घरात चांगलाच असतो, चॉकलेटही आता चांगलं मिळतं. सगळा फरक पडतो तो ३२ आणि ३४ या दोन आकड्यांमधल्या अंतराने. तेवढं सांभाळलं, तर या सणाला तुमच्या घरची वडी दुकानातल्या महागड्या वडीच्या तोडीची होईल.